विदर्भाच्या उन्हाळ्यात पीअरलेस असॅसिन १२० एसई : जुन्या एएम४ संगणकावरचे परीक्षण

प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी बाजारात जे हीटसिंक मिळतात, त्यांपैकी थर्मलराइट या तैवानी कंपनीच्या पीअरलेस असॅसिन १२० एसई या मॉडेलची जितकी स्तुती झाली आहे, तितकी त्या किमतीतल्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या मॉडेलच्या वाट्याला आली असेल. ही स्तुती बव्हंशी खरी आहे. परंतु ती ज्या चाचण्यांवर उभी आहे, त्या बहुतेक वीस ते पंचवीस अंश तापमानाच्या खोल्यांत झालेल्या आहेत. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत एप्रिलच्या मध्यापासून जूनमध्ये पहिला पाऊस येईपर्यंत बाहेरचा पारा ४२ ते ४५ अंशांवर, कधी त्याच्याही पुढे असतो आणि गच्चीखालच्या खोलीत रात्री जेवणानंतर खेळायला बसले तरी भिंती दिवसभराची उष्णता परत देत असतात. अशा ठिकाणी हा हीटसिंक कसा वागतो, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि त्याच्यावर पैसे घालण्याआधी संगणकात आणखी काय पाहावे, यासाठी हे परीक्षण आहे.

ज्या संगणकावर तो बसवला आहे, त्याची मूळ जुळणी २०१९ नंतरच्या काळात घरोघरी झाली तशीच आहे : एएमडीचा रायझन ५ ३६०० हा सहा कोरचा प्रोसेसर, एमएसआयचा बी४५० टॉमाहॉक मॅक्स हा एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) मदरबोर्ड, डीडीआर४ मेमरी आणि ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. ग्राफिक्स कार्ड मागाहून बदलून १२ जीबीचे आरएक्स ६७०० एक्सटी घेतले आणि मग प्रोसेसर त्याला पुरेनासा झाला. फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची, सरासरी बरी दिसे, पण मोठ्या शहरांतून वेगाने जाताना किंवा बरेच खेळाडू एका जागी जमले की चित्र क्षणभर अडखळे. अशा वेळी सरासरी बाजूला ठेवून सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा पाहावा. ग्राफिक्स कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवरच अडकलेला असेल आणि चित्राची गुणवत्ता उतरवूनही फ्रेम वाढत नसतील, तर आणखी महाग कार्ड घेण्यात काहीच अर्थ नसतो. अडसर प्रोसेसरचा असतो. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर हे अधिक जाणवते. ४के पडद्यावर मात्र बहुतेक भार कार्डावरच पडतो आणि प्रोसेसर बदलून फारसे काही हाती लागत नाही, हे खर्च करण्याआधीच ध्यानात घेतलेले बरे.

पुढे दोन वाटा होत्या. एएम५ या पुढच्या सॉकेटवर जायचे तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर५ मेमरी अशा तीन वस्तू एकदम घ्याव्या लागतात, आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव ज्या रीतीने भडकले ते पाहता ही वाट अनेकांना परवडणारी राहिलेली नाही. दुसरी वाट म्हणजे त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसवणे. एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आले, पहिले रायझन प्रोसेसर मार्च २०१७ मध्ये आले आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीसही एएमडी त्याच सॉकेटसाठी ५७००एक्स३डी विक्रीला काढत होती. या धंद्यात इतके आयुष्य दुर्मीळ आहे. हे औदार्य अगदी आपखुशीचे होते असे मात्र नाही. मे २०२० मध्ये कंपनीने बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर झेन ३ पिढीचे प्रोसेसर (५७००एक्स३डी याच पिढीचा) चालणार नाहीत असे जाहीर केले होते, आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात तो निर्णय फिरवला. आज जुन्या बोर्डांवर आपण जे बसवू शकतो, ते त्या ओरडीचे फळ आहे.

५७००एक्स३डी कागदावर फारसा प्रभावी वाटत नाही. आठ कोर, सोळा थ्रेड आणि कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे जुन्या ३६०० च्या ४.२ गिगाहर्ट्झपेक्षाही किंचित कमी. त्याची खरी ताकद ९६ एमबी एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत आहे. झेन ३ च्या सिलिकॉनच्या चकतीवर मुळात ३२ एमबी कॅश असते; तिच्यावर ६४ एमबीची दुसरी चकती चढवलेली आहे, नावातले एक्स३डी त्याचेच. खेळ चालू असताना प्रोसेसरला लहान लहान माहिती सतत आणि आधी सांगता येणार नाही अशा क्रमाने लागत असते, आणि दर वेळी ती मेमरीतून आणायची तर कोर नुसते वाट पाहत बसतात. ती माहिती जवळच्या कॅशमध्ये सापडू लागली की वेग न वाढवताही काम भराभर उरकते. फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओन, फॅक्टोरियो अशा खेळांत हा फरक ठळक दिसतो, काही खेळांत जेमतेम दिसतो. त्याचा आणखी एक फायदा असा की मेमरीच्या वेगावरचे अवलंबित्व घटते आणि साधी ३२०० मेगाहर्ट्झची डीडीआर४ पुरते. याच कुळातला ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये ४४९ डॉलरला आला होता आणि त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ आहे. २४९ डॉलरला आलेला ५७००एक्स३डी खेळांत त्याच्यापासून फार दूर राहत नाही. दोन्ही आता नवे मिळणे अवघड होत चालले आहे. योग्य भावात मिळाले नाहीत, तर ६५ वॅटचा साधा ५७००एक्स घ्यावा आणि उरलेले पैसे जपून ठेवावेत. जुन्या एक्स३डीसाठी अव्वाच्या सव्वा किंमत मोजण्यात शहाणपण नाही.

प्रोसेसर बदलण्याआधी बायोस, म्हणजे मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावा लागतो आणि ते काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे. टॉमाहॉक मॅक्सवर त्यासाठी मागच्या बाजूला स्वतंत्र बटण आहे, त्यामुळे प्रोसेसर नसला तरी चालते. पण सगळ्याच बोर्डांना ही सोय नसते. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या प्रोसेसर-यादीत आपला प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो हे लिहिलेले असते, ते आधी पाहावे. उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाण्याचा धोका असतो, तेव्हा हे काम यूपीएसवरच करावे. अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे दुकानाची फेरी ठरलेलीच.

जुना हीटसिंक काढताना एएम४ मध्ये एक विशेष काळजी घ्यावी लागते. या सॉकेटात पिना प्रोसेसरला असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी चौकट नसते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून संगणक थोडा वेळ भाराखाली चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग वीज पूर्ण बंद करून हीटसिंक आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवावा आणि सैल झाल्याची खात्री पटल्यावरच उचलावा. एएम५ मध्ये पिना सॉकेटात गेल्या आणि ही कटकट संपली.

आता मूळ वस्तूकडे वळू. पीअरलेस असॅसिन १२० एसई म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचे दोन मनोरे, त्यांतून जाणाऱ्या सहा मिलिमीटर जाडीच्या सहा हीट पाइप (उष्णता वर वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचे दोन पंखे. एक पंखा समोर बसतो, दुसरा दोन मनोऱ्यांच्या मध्ये. उंची १५५ मिलिमीटर. किंमत बाजारभावानुसार साधारण साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान पडते आणि इतक्या पैशांत सहा हीट पाइप, दोन पंखे, दोन्ही पंखे एकाच जोडणीवर चालवणारी वायर आणि थर्मल पेस्ट हे सगळे खोक्यातच मिळते. पट्ट्यांची कापणी स्वच्छ आहे, तळ सपाट आहे, आणि बोर्डावर पकड देणारे भाग धातूचे आहेत. या किमतीत काही कंपन्या इथे प्लास्टिक वापरतात. पांढरा रंग, दिवे लावलेले पंखे अशा याच्या अनेक आवृत्त्या निघतात. दिव्यांनी प्रोसेसर एक अंशानेही थंड होत नाही, पण ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत. परीक्षकाने तिथे नाक खुपसू नये.

बसवण्याची पद्धत सोपी आहे, मात्र खोक्यातले माहितीपत्रक तिच्यापेक्षा अवघड आहे. चित्रे लहान आहेत आणि इंटेल व एएमडीचे भाग एकाच पिशवीत पाहून नवखा माणूस गोंधळतो. एएम४ बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस चार स्क्रू काढून उतरवायचे, मागची धातूची पट्टी मात्र तीच ठेवायची. ते चार स्क्रू निघाले की ही पट्टी मागून सुटी पडते, म्हणून बोर्ड आडवा ठेवून काम करावे, किंवा कॅबिनेटच्या मागच्या खिडकीतून तिला एका हाताने धरून ठेवावे. पुढे दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर हीटसिंक आणि दोन स्प्रिंगचे स्क्रू. हे दोन्ही स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नयेत. आळीपाळीने थोडे थोडे फिरवले की दाब सारखा बसतो. मधला पंखा काढल्याशिवाय पेचकस आत पोहोचत नाही आणि पेचकसाची दांडी लांब असावी लागते. पंखे अडकवण्याच्या तारेच्या कड्या हा या वस्तूचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. अरुंद कॅबिनेटमध्ये, बोटे आत घालून, न दिसणाऱ्या खाचेत कडी बसवताना माणसाच्या संयमाची परीक्षा होते.

खरेदीआधी दोन मोजमापे घ्यावीत. कॅबिनेटमध्ये किती उंचीचा हीटसिंक मावतो हे त्याच्या माहितीत दिलेले असते. १६० मिलिमीटरची मुभा असेल तर हा आरामात बसतो. दुसरे मोजमाप मेमरीचे. समोरचा पंखा मेमरीच्या पहिल्या खाचेवर येतो आणि डोक्यावर उंच दिवे असलेली मेमरी असेल तर पंखा वर सरकवावा लागतो. पंखा जितका वर जाईल तितकी एकूण उंचीही वाढते, आणि मग कॅबिनेटची काच बसत नाही, असा हा गुंता आहे.

थंडाव्याबद्दल बोलताना एक गोष्ट स्पष्ट असायला हवी, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. हवेवर चालणारा कोणताही हीटसिंक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; प्रोसेसर त्या हवेपेक्षा किती अंशांनी गरम राहील, एवढेच तो ठरवतो, आणि हा फरक साधारणपणे प्रोसेसर खात असलेल्या विजेच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे एखाद्या परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत ६२ अंश आले असतील, तर त्यातला उपयोगाचा आकडा ६२ हा नसून ४० हा आहे. तीच जुळणी ३६ अंशांच्या खोलीत ७६ अंशांवर जाईल आणि त्यात हीटसिंकचा काही दोष नसेल. माझ्याकडे ५७००एक्स३डी खेळ चालू असताना सुमारे ५० ते ६० वॅट घेतो आणि खोलीच्या हवेपेक्षा ३५ ते ४० अंश वर राहतो. हिवाळ्यात हे साठीच्या आत असते, एप्रिल-मे महिन्यांत सत्तरीच्या मध्यावर जाते. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे. ती गाठली तर तो जळत नाही, स्वतःहून वेग उतरवतो. पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच मग हातचा जातो. रायझन ५ ३६०० सोबत आलेला छोटा रेथ स्टेल्थ पंखा या प्रोसेसरवर विदर्भाच्या उन्हाळ्यात लावणे म्हणजे हे नुकसान पदरात घेणेच होय, आणि ५७००एक्स३डीच्या खोक्यात कोणताच हीटसिंक येत नाही हेही लक्षात असू द्यावे.

मग याहून मोठा हीटसिंक, किंवा तीन पंख्यांचे पाण्यावर चालणारे यंत्र घेतले तर आणखी वीस अंश उतरतील का? या प्रोसेसरवर तरी उतरत नाहीत आणि त्याचे कारण प्रोसेसरच्या पोटात आहे. झेन ३ ची कोर असलेली चकती जेमतेम ८० चौरस मिलिमीटरची आहे आणि ती प्रोसेसरच्या मध्यभागी नसून एका कडेला आहे. एक्स३डी प्रकारात तिच्यावर कॅशचा आणि आधाराच्या सिलिकॉनचा आणखी एक थर चढतो, त्यामुळे कोरमध्ये निर्माण होणारी उष्णता वरच्या धातूच्या टोपणापर्यंत पोहोचतानाच बरीच अडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने कॅश कोरच्या खाली नेली, ती याच अडचणीमुळे. उष्णता हीटसिंकपर्यंत येण्याआधीच अडत असेल, तर पुढे हीटसिंक कितीही मोठा लावा, त्याला करायला काम उरत नाही. पन्नास-साठ वॅटसाठी सहा हीट पाइपचे दोन मनोरे पुरून उरतात. त्यापुढे खर्च केलेला प्रत्येक रुपया एक-दोन अंश देतो. माझ्या मते तोच पैसा कॅबिनेटमधल्या हवेवर खर्च करावा, कारण विदर्भात खरा अडसर तिथे आहे.

कॅबिनेटच्या आत सर्वांत मोठी शेगडी प्रोसेसर नसून ग्राफिक्स कार्ड असते. आरएक्स ६७०० एक्सटी पूर्ण भाराखाली २३० वॅटपर्यंत घेते आणि त्याचे पंखे ती सारी उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात. हीच गरम हवा वर चढून हीटसिंकच्या समोरच्या पंख्यात शिरते. खोली ३४ अंशांवर आणि हीटसिंकला मिळणारी हवा ४२ अंशांची, असे सहज होते. कॅबिनेटची समोरची बाजू पूर्ण काचेची असेल आणि हवा फक्त कडेच्या फटींतून येत असेल, तर पीअरलेस असॅसिनसारखा हीटसिंकही काही करू शकत नाही. जाळीदार समोरचा भाग, तिथे हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे हवा बाहेर फेकणारा एक, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. काचेच्या कॅबिनेटची बाजूची काच काढून अर्धा तास खेळून पाहावे. तापमान सात-आठ अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटचा आहे, आणि नवा हीटसिंक मागवण्याची घाई करू नये.

मागच्या पंख्याचे आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख परीक्षणांत क्वचित येतो. मूळचा छोटा पंखा वरून खाली हवा मारतो आणि जाता जाता सॉकेटभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागांवरही वारा घालतो. मनोऱ्याचा हीटसिंक हवा समांतर ढकलतो, त्यामुळे तो वारा बंद होतो. टॉमाहॉक मॅक्ससारख्या बोर्डावर या भागांवर धातूची चांगली आवरणे आहेत, तिथे चिंता नाही. स्वस्तातल्या ए३२० किंवा साध्या बी४५० बोर्डांवर ती नसतात, आणि आठ कोरचा प्रोसेसर बसवल्यावर मागचा पंखा ही चैन राहत नाही. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते असा ढोबळ ठोकताळा आहे. उन्हाळी प्रदेशात तो उलट बाजूने लागू पडतो.

घरातल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरविषयी नेहमी प्रश्न येतो. बाहेर ४४ अंश आणि हवा अगदी कोरडी असेल तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनाने खोलीची हवा तिशीच्या आसपास आणता येते, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम दहा-बारा अंशांनी उतरतात. इतका फरक कोणत्याच हीटसिंकने पडत नाही. दमट हवेने आत पाणी सुटेल ही भीती निराधार आहे, कारण चालू संगणकाचे भाग खोलीपेक्षा नेहमीच गरम असतात आणि दव फक्त हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर धरते. धोका असतो तो झोताबरोबर उडणाऱ्या तुषारांचा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार वाळले की बोर्डावर पांढरे डाग उरतात. म्हणून कॅबिनेट झोताच्या सरळ रेषेत ठेवू नये, खोलीची एक खिडकी उघडी असावी. पावसाळा लागला की हा उपाय बाद होतो. कोकण-मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत तर तो मुळीच नको. तिथे पारा कमी असला तरी गंजाची काळजी मोठी.

आवाजाचा प्रश्न विदर्भापुरता गमतीशीर आहे. याचे पंखे मिनिटाला कमाल १५५० फेऱ्यांपर्यंत जातात आणि कंपनी आवाज २५.६ डेसिबल सांगते. कंपनीचे आकडे नेहमी आदर्श परिस्थितीतले असतात, तरी पंखे खरोखरच शांत आहेत. पण मे महिन्यात छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर चालू असताना त्यांचा आवाज ऐकू येईल कुणाला? उन्हाळ्यात ते पूर्ण वेगाने फिरू द्यावेत आणि दिवाळीनंतर बायोसमध्ये वेग उतरवावा. रायझन प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारून खाली येते, त्यामुळे पंखा सारखा घुरघुरतो. बायोसमध्ये पंख्याने प्रतिसाद द्यायला काही क्षण थांबावे अशी सोय असते, ती वापरली की हा त्रास जातो.

बिनपैशाचे दोन उपाय याहून मोलाचे आहेत. पडदा ७५ किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेमची मर्यादा तेवढ्यावरच बांधावी. न दिसणाऱ्या फ्रेम काढण्यात कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही उगीच तापतात. दुसरा उपाय कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सोयीने प्रोसेसरचा व्होल्टेज थोडा उतरवण्याचा. या पिढीच्या एक्स३डी प्रोसेसरचा वेग हाताने वाढवता येत नाही, मात्र व्होल्टेज उतरवण्याची सोय अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये आहे, आणि एमएसआयच्या बोर्डांवर ती कॉम्बो स्ट्राइक या नावाने तीन पायऱ्यांत मिळते. खालच्या पायरीपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक पायरीवर संगणक काही दिवस वापरून पाहावा. चार-पाच अंश सहज सुटतात.

खोक्यातली पेस्ट चांगली आहे, बाहेरून महाग पेस्ट आणण्याची गरज नाही. वारंवार तापण्या-निवण्याने पेस्ट कडेला सरकते, तेव्हा ज्यांना ती पुन्हा पुन्हा बदलायची नसेल त्यांनी हनीवेलचे पीटीएम७९५० हे पातळ पत्र्यासारखे साहित्य पाहावे; ते सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पृष्ठभागावर पसरते. आमच्याकडे उन्हाळ्यात ते हातातच मऊ पडते आणि वरचा कागद निघता निघत नाही. फ्रीझरमध्ये थोडा वेळ ठेवले की तो नीट सुटतो. घरच्यांना काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पर्यायांमध्ये डीपकूलचा एके४००, म्हणजे एक मनोरा, चार हीट पाइप आणि एक पंखा, हा ६५ वॅटच्या ५७००एक्ससाठी पुरेसा असून मेमरीच्या आड येत नाही. नॉक्टुआचा एनएच-डी१५ उत्कृष्ट आहे, पण १६५ मिलिमीटर उंच आणि कितीतरी महाग. या प्रोसेसरवर त्याचा मोठेपणा वाया जातो. पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांची बाजू दीडशे-दोनशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरसाठी समजू शकते. त्यातला पंप कधीतरी थकतो, नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात उडत राहते, आणि बिघडले की पूर्ण यंत्रच बदलावे लागते. हीटसिंकचा पंखा बिघडला तर कोणताही १२० मिलिमीटरचा पंखा त्या जागी बसतो.

एसएमपीएसविषयी थोडे. त्याच्यावर लिहिलेले वॅट कोणत्या तापमानाला मिळतात हे पाहावे. हलक्या दर्जाच्या एसएमपीएसचा आकडा २५ किंवा ३० अंशांचा असतो, बऱ्यापैकींचा ४० चा, उत्तमांचा ५० चा. आणि कॅबिनेटमधली हवा आपल्याकडे चाळिशी ओलांडते हे वर आलेच आहे. कार्ड निवडतानाही जुन्या बोर्डाचे भान ठेवावे. बी४५० बोर्डावर पीसीआयई ३.० ही कार्ड जोडणाऱ्या मार्गाची जुनी, संथ पिढी आहे, आरएक्स ६७०० एक्सटी सोळा लेनवर (त्या मार्गाच्या मार्गिकांवर) चालत असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही, आठ लेनच्या आरटीएक्स ४०६० चे किंचित बिघडते, आणि चार लेनचे आरएक्स ६५०० एक्सटी अशा बोर्डावर घेऊच नये.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा, आपल्या शहरातल्या दुकानातून करा किंवा घरपोच मागवा, प्रोसेसर खोकाबंदच घ्यावा. खोक्यातल्या प्रोसेसरवर एएमडीची तीन वर्षांची हमी असते. सुट्या, ट्रेमधल्या प्रोसेसरची हमी विक्रेता देईल तेवढीच. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, कारण हमीच्या वेळी तेच मागतात. हीटसिंकला बिघडण्यासारखे फारसे काही नाही, तरी दोन्ही पंखे दुकानातच फिरवून घेता आले तर बरे.

या हीटसिंकची जोडणी सॉकेटमागच्या मूळ पट्टीवरच होत असल्याने तो एएम५ बोर्डावरही त्याच भागांनिशी बसतो. मेमरीचे भाव उतरून कधी पुढच्या सॉकेटवर जायचे ठरलेच, तर हा खर्च पुन्हा करावा लागणार नाही, नवी पेस्ट तेवढी लागेल. जुन्या बोर्डाचे काढलेले प्लास्टिकचे कंस आणि त्यांचे चार स्क्रू मात्र फेकून देऊ नयेत. बोर्ड विकायला काढला की घेणारा आधी तेच विचारतो.